हंडरगुळे सरांचं फेच

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. काकू म्हणजे अहमदपूरच्या आमच्या शाळेतल्या हंडरगुळे सरांच्या पत्नी. सर जाऊन आता पाच महिने होतील. काकूंना फोनवर गप्पा मारता येत नाहीत, एस.टी.त कंडक्टरला गाव सांगावं तसं त्या बोलतात.

"शोभा, मी लातूरला लेकीकडं चाल्ले, कायमची. घर आवरून राहिले. भांडी दिली, गाद्या दिल्या. पाटीचं काय करू?"

"कोणती पाटी काकू?" मी विचारलं. खरं तर मला चांगलं ठाऊक होतं.

"दारातली. आमचा सुधीर ह्यांच्या दिवसाला आल्ता तवा त्यानं त्याचं नाव पुसलं. तुझं तेवढं राह्यलंय. मी कशी पुसू? ज्याचं त्यानंच पुसायचं, असा ह्यांचा कायदा. कधी येतीस?"

"कळवते काकू," मी म्हणाले. पंचवीस वर्षं सरकारी ऑफिसात काढली की माणूस हे वाक्य झोपेतही म्हणू शकतं. फोन ठेवला आणि कणीक भिजवायला घेतली. पाणी किती ओतलं याचा हिशोब राहिला नाही. त्या दिवशी आमच्याकडे पोळ्यांऐवजी धिरडी झाली, आणि नवऱ्यानं काही न विचारता खाल्ली. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर त्याला एवढं कळतं की धिरड्यामागं काहीतरी असतं.

पाटीवर माझं नाव का, हे सांगायचं तर सरांपासून सुरुवात करावी लागते. आमच्या घरी ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की लेक हल्ली माझ्या आधी पुढचं वाक्य म्हणते. तुम्ही पहिल्यांदा ऐकताय, हा माझा फायदा.

हंडरगुळे सर बुटके. पँट इतकी वर ओढलेली की शर्टाला काही कामच उरलेलं नसायचं. वरच्या खिशात पेनाऐवजी खडू, त्यामुळे डाव्या छातीवर कायम एक पांढरा डाग. पहिल्या दोन इयत्ता ते उर्दू शाळेत शिकले होते, मग राज्य बदललं आणि शाळाही बदलली. पण जिभेवर काही शब्द राहून गेले होते ते राहिलेच. हजर न म्हणता हाजिर म्हणायचे. परत तर आमच्याकडे कोणीच म्हणत नाही, सगळे वापसच म्हणतात. पण सरांच्या तोंडी तो शब्द वेगळाच वाटायचा. 'वापसी' म्हणताना ते किंचित थांबायचे, देवाचं नाव घेताना थांबतात तसे.

ते इंग्रजी शिकवायचे. म्हणजे पुस्तक शिकवायचे, व्याकरण शिकवायचे, परीक्षेपुरतं सगळं शिकवायचे. पण मनापासून त्यांनी एकच क्रियापद शिकवलं. फेच.

"टु बी, टु डू ही नोकरीतली क्रियापदं," ते म्हणायचे. "खुर्चीवर बसून होतात. फेचला उठावं लागतं."

मग फळ्यावर तिवई काढायचे. तीन पायांची, आमच्या शाळेत पाण्याचा माठ जिच्यावर असायचा तसली.

"ब्रिंग म्हणजे आण. आणणारा आधीच तिकडं हाय, येताना हात हलवत येऊ नको एवढंच त्याला सांगायचं. टेक म्हणजे ने. नेला, संपलं. पण फेच? फेचमधे माणूस इथून उठतो. तिकडं जातो. वस्तू घेतो. आन् वापस इथंच येतो. जाणं, घेणं, वापसी. तीन पाय. एक काढा." इथं ते बोटानं तिवईचा एक पाय पुसायचे. "राहते का उभी?"

"न्हाई सर," वर्ग म्हणायचा.

"तीन कामं इंग्रजानं एका शब्दात कोंबली. म्हणून तर राज्य केलं."

यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "कुत्र्याला पण फेचच म्हंतेत सर, पिक्चरमधे." सर अजिबात चिडायचे नाहीत. "बराबर. कारण कुत्रं वापस येतं. तू येतोस का मधल्या सुट्टीनंतर?"

त्यांच्या वर्गाची एक रीत होती. रोज एकाला ते बाहेर पाठवायचे. "शोभा, गो अँड फेच अ नीम लीफ." कडुलिंबाचं पान, ऑफिसातला डस्टर, मैदानातला एक पांढरा खडा, काहीही. पाठवलं की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात वर त्याचं नाव लिहायचे. तो वस्तू घेऊन आला की आधी वस्तू टेबलावर ठेवायची, मग स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव पुसायचं, मग जागेवर बसायचं. दुसऱ्यानं पुसलेलं चालत नसे. नाव वर असेपर्यंत सर त्या कोपऱ्यात काही लिहीत नसत. अख्खा धडा डावीकडे दाटीवाटीनं लिहायचे, पण तो कोपरा सोडायचे.

माझी पहिली पाळी आली तेव्हा मी आठवीत होते. हेडमास्तरांच्या ऑफिसातून डस्टर आणायचा होता. मी गेले. पण त्या दिवशी बाजार होता आणि शाळेच्या फाटकाशी एक कासार बांगड्यांची माळ घेऊन बसला होता. मी जरा उभी राहिले. जरा म्हणजे किती ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या नवऱ्याचा अंदाज आहे की ती सवय तेव्हाच लागली. तास संपायच्या घंटेनं मी भानावर आले आणि धावत वर्गात शिरले, ती रिकाम्या हातानं.

सर खुर्चीवर बसले होते. फळ्यावर माझं नाव.

"गेलीस," ते म्हणाले. "आलीस. मधलं कुठाय?"

वर्ग हसला. मी डस्टर आणायला पुन्हा वळले तर म्हणाले, "आता राहू दे. उद्या सकाळी. नाव रात्रभर राहील, त्याला काही होत न्हाई."

मला वाटलं होतं, लाज वाटेल. पण रात्री अंथरुणात पडल्यावर वेगळंच वाटलं. शाळा बंद आहे, वर्गात अंधार आहे, आणि फळ्यावर माझं नाव आहे. कोणीतरी माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. सकाळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन डस्टर घेऊन उभी राहिले.

सरांकडे एक जाडी वही होती. छापलेल्या मजकुरात कुठंही फेच दिसलं की ते वाक्य त्या वहीत जायचं. आडतीत तूर चांगला भाव फेच करते, असं इंग्रजीत म्हणतात. सरांना त्याची भारी गंमत वाटायची. "बघा, तूर स्वतः चालत जाते आन् भाव घेऊन येते. मालकाला कोण विचारतंय?" दुसरा त्यांचा लाडका शब्द फार-फेच्ड. लांबून ओढून आणलेलं, म्हणून न पटणारं. एकदा मी उशिरा आले आणि सांगितलं, दारात बैल आडवा बसला होता, उठतच नव्हता. "फार-फेच्ड," सर म्हणाले आणि मला बाहेर उभं केलं. बैल खरोखर बसला होता. हे मी त्यांना शेवटपर्यंत पटवू शकले नाही.

एक साहेब तपासणीला आले होते, तो दिवस अहमदपुरात अजून सांगतात. साहेब वर्गात आले, बसले, पाणी मागितलं. सरांनी भारतला पाठवलं. भारत म्हणजे वर्गातला सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत कमी बोलणारा मुलगा. "भारत, फेच वॉटर फॉर साहेब." नाव फळ्यावर गेलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेबांनी हजेरीपट घेतला, डोकी मोजली.

"एक कमी आहे. हा मुलगा गैरहजर?" फळ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं.

"न्हाई साहेब. हाजिर हाय."

"कुठं?"

"क्रियापदात."

साहेबांनी चष्मा काढला. सरांनी शांतपणे तिवई काढून समजावलं. दोन पाय झाले असतील, तिसरा व्हायचाय. साहेबांना राग यावा की नाही ते ठरवता येईना. तहान तर लागलेली होती. ते बसून राहिले. पाऊण तासानं भारत आला. घामाघूम, हातात घासलेला तांब्याचा तांब्या, वर फुलपात्र पालथं. शाळेच्या टाकीचं पाणी गढूळ होतं म्हणून तो मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, पलीकडे स्वतःच्या घरी जाऊन आला होता. तांब्या टेबलावर ठेवला, मग नाव पुसलं, मग बसला. साहेब सगळं पाणी प्यायले. शेऱ्यात काय लिहिलं माहीत नाही, पण निघताना माणूस म्हणतो तसं ते म्हणाले, "बरंय, येतो."

सरांनी खडू उचलला आणि कोपऱ्यात लिहिलं: साहेब.

साहेब पुढं हदगावला बदलून गेले. पंधरा दिवस 'साहेब' फळ्यावर होते. शेवटी हेडमास्तरांनी एका रविवारी स्वतः येऊन पुसलं, तर सर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. "येतो म्हणाले होते ना," एवढंच पुटपुटायचे. आपल्या भाषेत निघणाऱ्यानं जातो म्हणायचं नसतं, येतो म्हणायचं असतं. बाकीचे तोंडानं म्हणतात. सर ते धरून बसायचे.

घरीही तीच तऱ्हा. दाराच्या आत, चपलांच्या वर, खिळ्याला लाकडी चौकटीची दगडी पाटी टांगलेली. घरातलं कोणी बाहेर पडलं की सर पेन्सिलीनं नाव लिहायचे, आलं की त्यानं पुसायचं. काकू सुरुवातीला वैतागायच्या. "मी भाजीला जाते तरी माझं नाव. शेजारणी हसतेत." पण पुढं काकूच बाहेरून आल्या की पिशवी खाली ठेवायच्या आधी पदरानं नाव पुसायच्या. दसऱ्याला पाटी धुवून तिच्यावर सरस्वती काढली जायची. दुसऱ्या दिवशी सर, जी नावं अजून यायची असतील ती पुन्हा लिहायचे.

बारावीनंतर मी नांदेडला कॉलेजला निघाले, तेव्हा पाया पडायला गेले. सर दारातच उभे होते.

"काय आणू सर नांदेडहून?" मी विचारलं. मला वाटलं, पेढे म्हणतील.

"एक काम कर," ते म्हणाले. "माझी डिक्शनरी लहान हाय. तिच्यात फेचचा अर्थ हाय, पण तो आला कुठून ते न्हाई. मोठ्या ग्रंथालयात मोठी डिक्शनरी असते. त्या पानावरून उतरवून आण. तुझ्या अक्षरात. आन् स्वतः आण, पोस्टानं नको."

"आणते सर. येते."

त्यांनी पाटी काढली आणि सुधीरच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. सुधीर म्हणजे त्यांचा मुलगा, त्या दिवशी दळण आणायला गेला होता. कोपऱ्यावरून मी वळून पाहिलं तेव्हा तो डोक्यावर डबा घेऊन आलाही होता.

आता इथून पुढं माझी बाजू लंगडी आहे. नांदेडात पहिल्या वर्षी मला ग्रंथालय सापडलं नाही. दुसऱ्या वर्षी सापडलं, पण तिथं माझ्या मैत्रिणी कादंबऱ्या घ्यायच्या आणि मीही घ्यायचे. तिसऱ्या वर्षी ग्रंथालयात जाण्याचं कारण वेगळं होतं, आणि त्याच कारणाशी मी पुढं लग्न केलं. मग नोकरी, मग लेक, मग सासूबाईंचं दुखणं. आमच्या ऑफिसात फाइल एका टेबलावरून उठते, दुसऱ्या टेबलावर जाते आणि तिथंच म्हातारी होते. सरांचं कामही माझ्यात तसंच कुठंतरी पडून राहिलं.

विसरले म्हणावं तर तसंही नाही. अहमदपूरला माहेरी जाणं व्हायचं, पण सरांच्या गल्लीनं जायचं मी टाळायचे. एकदा स्टँडवर सर समोरून येताना दिसले, पँट तशीच वर, खिशाला खडू. चाळिशीची बाई मी, सरकारी नोकरीतली, दोन पिशव्या घेऊन ऊसरसाच्या गाडीमागं वाकून उभी राहिले. ते गेल्यावर रसवाल्यानं विचारलं, "उधारी हाय का ताई त्यांची?" मी म्हणाले, "तसंच काहीतरी."

दरम्यान सुधीर कॅनडाला गेला. हे मला आईकडून कळलं. जाताना त्यानं विचारलं, बाबा काय आणू. सर म्हणाले, काही नको, तेवढा तू ये. नाव पाटीवर चढलं. तो दोनदा येऊनही गेला, पण पाटीला हात लावला नाही, आणि सरांनी फडकं पुढं केलं नाही. आई म्हणाली, "ते म्हनले, त्याच्या वापसीचं तिकीट तिकडचं हाय. आता तो इथं जातो आन् तिकडं वापस येतो."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक घरी कॉलेजचं कॉम्प्युटरचं काम करत होती. पडद्यावर एक चक्र फिरत होतं. मी चहा घेऊन गेले.

"थांब आई, डेटा फेच होऊन राहिलाय."

"काय होऊन राहिलाय?"

"फेच. आपण इथून मागतो, ते तिकडं सर्व्हरकडं जातं, माहिती घेतं आणि वापस येतं. जाऊन आलं नाही तर हे चक्र फिरतच बसतं."

मी चहाचा कप तिच्या वहीवर ठेवला, त्याचा गोल डाग अजून आहे. ते चक्र बघत मी उभी राहिले. लेकीला वाटलं, मला चक्कर आली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं मोबाइल काढला, काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "हे घे. कुठून आला शब्द ते. दहा सेकंद लागले. तीस वर्षं काय करत होतीस?"

"तसं नाही चालत," मी म्हणाले. "पानावरून उतरवायचं होतं. माझ्या अक्षरात."

मग मी रजा टाकली आणि कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मोठी डिक्शनरी मागितल्यावर तिनं आधी मला पाण्याचा ग्लास दिला. तो ग्रंथ तळाच्या कप्प्यात होता. काढताना माझ्या गुडघ्यानं असा आवाज केला की दोन मुलांनी वर पाहिलं. फुलस्केप कागदावर मी सगळं उतरवलं, आठवीतल्यासारखं, समास सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळची लातूर गाडी धरली. लोहा गेल्यावर मी कागद पिशवीतून काढून पुन्हा एकदा वाचला. सर ओळखतील का, यापेक्षा ओळखलं तर काय, याची भीती जास्त होती.

दार उघडंच होतं. आत शिरल्या शिरल्या मी पाटीकडे पाहिलं. दोन नावं. सुधीर. शोभा. अक्षर थरथरलेलं, पण ताजं. तीस दसऱ्यांना तीसदा लिहिलेलं.

सर पलंगावर बसले होते. खूप लहान झाले होते. डोळ्यांना कमी दिसायचं. मी पाया पडले, नाव सांगितलं.

"आणलंस?" त्यांनी विचारलं. कशी आहेस नाही, इतकी वर्षं कुठं होतीस नाही.

मी कागद काढून वाचायला लागले. शब्द खूप जुना, इंग्रजीच्याही जुन्या रूपातला. त्या मूळ शब्दाचा अर्थ मिळवणं, जवळ आणणं. त्यामागं कुठला धातू असावा याची अभ्यासकांना खात्री नाही, पण बऱ्याच जणांना वाटतं की तो पायाच्या शब्दाशी जोडलेला आहे. इंग्रजीतलं फूट आणि आपल्या संस्कृतातलं पद ज्या मुळातून आलं, तेच मूळ.

सर डोळे मिटून ऐकत होते. पद म्हटल्यावर त्यांनी पलंगावरून खाली सोडलेले आपले पाय जरा हलवले. "पायी आला म्हण की," ते म्हणाले. "लांबून पायी आला. पुन्हा वाच ते पायाचं."

मी पुन्हा वाचलं. तेवढ्यात काकू आतून चहा घेऊन आल्या.

"हे तर ह्यांना कवाच म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "लातूरला डोळ्याचं ऑपरेशन झालं, तवा तिथल्या डॉक्टरच्या पोरानं मोबाइलवर वाचून दाखवलं होतं. धा वर्षं झाली. आठ दिवस पाय, पाय करीत होते."

मी सरांकडे पाहिलं. ते चोरी पकडलेल्या मुलासारखे बसले होते.

"मग सर, नाव का ठेवलंत माझं?"

"अर्थ आला होता गं," ते म्हणाले. "तू कुठं आली होतीस?"

काकूंनी चहा पुढं केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दर दसऱ्याला म्हनायचे, ह्या वर्षी येईल. मी म्हनायची, अहो ती विसरली. तर म्हनायचे, विसरली असती तर स्टँडवर लपली असती का?"

म्हणजे त्यांनी मला पाहिलं होतं. ऊसरसाच्या गाडीमागं, दोन पिशव्यांसकट.

"बैल बसला होता दारात, सर," मी म्हणाले.

सर हसले. दात उरले नव्हते, पण हसणं तेच होतं. "फार-फेच्ड," म्हणाले.

कागद मी त्यांच्या उशाशी त्या जाड्या वहीवर ठेवला. आधी वस्तू, मग नाव. काकूंनी ओलं फडकं दिलं. मी पाटीपाशी गेले आणि माझं नाव पुसलं. वर सुधीरचं एकटं राहिलं. पाटी ओली झाल्यामुळे ते फार ठळक दिसत होतं. सरांना तिथून ते दिसणं शक्य नव्हतं, पण ते तिकडेच बघत होते. मग त्यांनी खोल श्वास घेतला आणि सावकाश सोडला.

"जुन्या इंग्रजीत," ते म्हणाले, "उसासा पण फेच करतेत. वहीत हाय ते वाक्य. लई आत जावं लागतं, तिथून घ्यावा लागतो, आन् मग वर यावं लागतं."

आणि वर्गात विचारायचे तसं विचारलं, "किती पाय झाले?"

"तीन, सर."

त्या दिवशी मी दुपारपर्यंत तिथं होते. सरांनी भारतची चौकशी केली, त्याचे पाण्याचे तीन टँकर चालतात हे ऐकून म्हणाले, "मग? मी काय शिकवलं होतं?" साहेबांचीही आठवण निघाली. ते आले नाहीत ते नाहीतच. हेडमास्तरांना सरांनी अजून माफ केलेलं नव्हतं, आणि हेडमास्तर जाऊन बारा वर्षं झाली होती.

पुन्हा येईन, सवडीनं येईन, असं मी ठरवलं होतं. लेकीलाही आणणार होते. ती सरांना सर्व्हर समजावून सांगणार होती. मग तिची नोकरी लागली, माझी ऑफिसची तपासणी आली, पावसाळा आला. पाच महिन्यांपूर्वी आईनं फोन करून सांगितलं.

काकूंना मी परवा कळवलं. रविवारी येतेय. काकू म्हणाल्या, "फडकं आणू नको, हाय इथं." पाटी मी नांदेडला घेऊन येणार आहे. आमच्या दारात खिळा ठोकून झालाय. तो वाकडा गेला, ते निराळं. लेक पुढच्या महिन्यात बंगळूरला चालली आहे. पण पाटीवरचं माझं नाव पुसायचं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. पुसायचं तर वस्तू आधी ठेवावी लागते, आणि या वेळची वस्तू मीच, ती कोणासमोर ठेवणार?

कारण ते नाव कसं लिहिलं गेलं, ते मी पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी दुपारी निघताना दारात चपला घालत मी म्हणाले, "येते सर." सवयीनं म्हणाले, सगळे म्हणतात तसं. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. रिक्षात बसून वळून पाहिलं, तर सर उठून दारापर्यंत आले होते. एक हात चौकटीला धरलेला, पँट तशीच वर. नाक पाटीला लागेल इतके वाकून ते लिहीत होते. मागून काकू म्हणत होत्या, "अहो, आत्ता तर पुसलं तिनं. ती अजून कोपऱ्यावरच हाय."

सरांनी मान वळवली नाही. श आधीच झाला होता. वरची काना-मात्रा काढायला त्यांनी चौकटीचा हात सोडला, थोडे डगमगले, आणि मग दोन्ही पायांवर नीट उभे राहून पुढचा भ काढायला लागले.